मदत हवी आहे: १३० जीबी ध्वनिमुद्रणं झेनोडोवर कशी ठेवू?

नमस्कार मंडळी. सह्याद्रीतल्या बेडकांच्या आवाजांची तीन पावसाळ्यांतली ध्वनिमुद्रणं सर्वांसाठी खुली करायची आहेत. आधीची काही मुद्रणं हार्ड डिस्क बिघडून कायमची गेली, म्हणून आता घाई आहे.

सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्र संशोधन संस्था चालवत असलेलं झेनोडो, म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवायचं संकेतस्थळ, मोफत आहे, डीओआयही (संदर्भासाठीचा कायमचा ओळखक्रमांक) मिळतो. पण एका नोंदीला साधारण ५० जीबीची मर्यादा. माझा साठा १३० जीबी, सगळा वेव्ह (आकार न दाबलेल्या) ध्वनिफाइलींत. फ्लॅक या दाबलेल्या प्रकारात बदलला तर आवाजाचा दर्जा न घटता आकार बराच उतरेल, पण किती, ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. की वर्षागणिक तीन नोंदी कराव्यात?

दुसरं, पुढच्या पावसाळ्यात भर पडणारच, म्हणजे नोंदीची नवी आवृत्ती निघणार. मग शोधनिबंधात त्या-त्या आवृत्तीचा डीओआय द्यायचा की सगळ्या आवृत्त्यांचा सामायिक? कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.