५ मिमी नीडल होल्डरचं मनगट: पिनचे सांधे की नायटिनॉलची नळी?

सांगली_मेक
शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हाताने चालवायचा, ५ मिमी जाडीचा लॅप्रोस्कोपिक नीडल होल्डर (पोटाला छोटं भोक पाडून करायच्या शस्त्रक्रियेत टाक्याची सुई धरणारं उपकरण) करतोय, पुढे वाकणारं मनगट असलेला. तिप्पट आकाराचं मॉडेल थ्रीडी प्रिंट केलं, आत सायकलच्या ब्रेकची तार घातली. मनगट वाकवलं की जबडा आपोआप उघडतो, आणि पुलीवर तारेचे धागे तुटतात. गाईड म्हणतात, पिना-पुल्या सोड, नायटिनॉलच्या (निकेल-टायटॅनियमचा लवचीक मिश्रधातू) नळीला खाचा पाडून घे, म्हणजे तीच वाकेल. काय करू?

तारवाली_पुणे
माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जबडा उघडतो कारण त्याच्या तारा मनगटाच्या सांध्यावरून पुढे जातात. सांधा वळला की तारांची वाट एका बाजूला लांबते, दुसऱ्या बाजूला आखडते. दा विंचीसारख्या शस्त्रक्रियेच्या रोबोटमध्ये मोटर तेवढी तार सोडून किंवा ओढून हिशेब जुळवते. तुझ्याकडे मोटर नाही, तेव्हा जबड्याची तार सांध्याच्या अक्षाच्या जितक्या जवळून नेता येईल तितकी ने.

ब्रेकच्या तारेतले धागे जाड असतात, छोट्या पुलीवर ते तुटणारच. सात लडी, प्रत्येक लडीत १९ धागे, अशी बारीक स्टीलची दोरी मिळते, ती घे. रोबोटच्या उपकरणांत टंगस्टनची वापरतात. आणि वळणावर घर्षण किती खातं ते आधी मांड: घर्षणांक ०.१५ धरलास तर ९० अंशांच्या एकाच वळणानंतर पुढे १० न्यूटन मिळवायला मागून १२.७ न्यूटन ओढावे लागतात. दोन-तीन वळणं झाली की मूठ दाबणाऱ्याचा हात भरून येतो.

आता नायटिनॉल. स्टील एक टक्का ताणायच्या आतच कायमचं वाकतं, नायटिनॉल सात-आठ टक्के ताणूनही परत येतं. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये अशाच खाचांचं, सव्वा मिलिमीटरपेक्षाही बारीक मनगट दाखवलं होतं. सुंदर काम आहे ते. पण सुई पेशींतून फिरवताना टोकावर आडवा जोर येतो आणि खाचांची नळी तिथे बाजूला सरते. मनगट वाकवणं सोपं आहे. वाकलेलं असताना ते ताठ राहायला हवं, सगळी मेहनत तिथे लागते. नीडल होल्डरला मी पिनचेच सांधे घेईन. आणि ५ मिमीचा हट्ट सोड, आधी ८ मिमीचं नीट कर.

लॅपसर्जन_नाशिक
मॅडमशी सहमत. सरळ उपकरणाने पेल्विसमध्ये (ओटीपोटात) खोलवर टाका घेताना सुईचा कोन जमवायला जीव मेटाकुटीला येतो, त्यात पोर्टमुळे (उपकरण आत घालायची पोटावरची नळी) हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. मनगट हवंच. एक लक्षात ठेव: दा विंचीच्या ५ मिमी उपकरणांत पिनच्या सांध्यांऐवजी मणक्यांसारखी कड्यांची माळ आहे. तिला वळायला जास्त लांबी लागते. लहान बाळाच्या पोटात तेवढी जागाच नसते.

सीएसएसडी_ताई
मुलांनो, मी हॉस्पिटलात उपकरणं धुऊन निर्जंतुक करणाऱ्या विभागातली. धुण्याचा विचार कोणी करत नाही. पुलीमागे रक्त वाळून बसलं की ऑटोक्लेव्ह (वाफेने जंतू मारायचं यंत्र) १३४ अंशांवर चालवूनही उपयोग नाही, आधी ते निघायला हवं. मागच्या टोकाला पाणी सोडायला तोंड ठेव, आणि पुढे ते बाहेर पडतं का ते बघ.

सांगली_मेक
सगळ्यांचे आभार. ८ मिमी पक्कं. मॅडम, ताठपणा मोजायचा कसा? कॉलेजमध्ये फोर्स सेन्सर नाही.

तारवाली_पुणे
सेन्सर लागतच नाही. नळी व्हाइसमध्ये आडवी धर, मनगट बाजूला ६० अंशांत वाकवून मूठ लॉक कर. टोकाला ५०, १००, २०० ग्रॅमची वजनं टांग आणि डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) टोक किती खाली येतं ते लिही. मग वजनं उतरवून पुन्हा वाच. टोक मूळ जागी आलं नाही, तर तार ताणली गेली आहे किंवा पिनेत प्ले (ढिलेपणा) आहे. प्ले असेल तर बोटाने हलवूनच कळेल. पिनेची भोकं ड्रिलवर सोडू नकोस, रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरव.