जुना ५० इंची प्लाझ्मा टीव्ही घ्यावा का? बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

बैठकीची_खोली

नात्यातले एकजण घर बदलताहेत. त्यांच्याकडचा पॅनासोनिकचा ५० इंची प्लाझ्मा ८,००० रुपयांना देताहेत. एसटी मालिकेतला, २०१२चा, फुल एचडी. रिमोट आणि स्टँड दोन्ही आहेत. आमच्याकडे बसायचं अंतर ८ फूट, खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी. रात्री सिनेमे, हंगामात क्रिकेट आणि बाबांच्या बातम्या जवळजवळ दिवसभर. तीसेक हजारांत नवा ४३ इंची फोरके एलईडी येतो, मग हा घेण्यात अर्थ आहे का? चित्र दिसलं म्हणजे टीव्ही चांगला असं नसतं एवढं कळतं, पण बघायचं काय?

काळ्यावर_काळा

पॅनासोनिकने प्लाझ्माचं उत्पादन २०१३च्या अखेरीस थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४मध्ये. आता आतले सर्किट बोर्ड जुन्या बाजारात मिळतात, पण नवं पॅनेल (म्हणजे चित्र दाखवणारा काचेचा पडदा) कुठेच मिळत नाही. त्यामुळे तपासायचं ते मुख्यतः पॅनेल.

घरूनच तयारी करून जा. कॉम्प्युटरवर पेंटमध्ये १९२० × १०८० मापाची सहा सपाट चित्रं करा: लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा आणि मधला राखाडी (तिन्ही रंगांचा आकडा १२८). जेपेग करून फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर टाका. आणि तुम्ही पोचेपर्यंत टीव्ही बंदच ठेवायला सांगा. थंड सेट पहिल्या फटक्यात सुरू होतो का ते बघायचं असतं. मग अर्धा तास कुठलाही कार्यक्रम लावून गप्पा मारा, कारण काही दोष गरम झाल्याशिवाय उघडे पडत नाहीत.

आता राखाडी चित्र लावा. वरचे दोन्ही कोपरे, खालची पट्टी आणि धावफलकाची जागा जवळून बघा. लाल, हिरवा, निळा या तिन्हींपैकी निळा फॉस्फर (पेशीतला उजेड देणारा लेप) सर्वांत लवकर झिजतो, त्यामुळे वर्षानुवर्षं लोगो असलेली जागा किंचित पिवळट आणि मंद दिसते. नुकत्याच बघितलेल्या चॅनेलची धूसर सावली दिसली तर घाबरू नका, दहा-पंधरा मिनिटं हलतं चित्र चालवा. ती पुसट होत गेली तर तात्पुरती छाया आहे, तशीच राहिली तर बर्न-इन, म्हणजे कायमचा डाग समजा. एक गोष्ट बरेच जण विसरतात: ज्या घरात ४:३ आकाराच्या वाहिन्या बाजूला काळ्या पट्ट्या ठेवून बघितल्या गेल्या, तिथे मधला भाग जास्त झिजलेला असतो. पांढऱ्या आणि राखाडी चित्रावर डावी-उजवीकडे उभी सीमारेषा दिसते.

पूर्ण पांढरा पडदा मळकट वाटेल. तो दोष नाही. प्लाझ्मात प्रत्येक पेशी स्वतः उजळते. सगळ्याच एकदम पेटल्या तर वीज आवाक्याबाहेर जाईल म्हणून सेट आपणहून उजेड कमी करतो. काळ्या पडद्यावर छोटा पांढरा चौकोन असलेलं सातवं चित्र बनवून नेलंत तर फरक लगेच कळेल: चौकोन लख्ख असला की झालं.

शेवटी काळं चित्र, पडदे ओढून, दिवे बंद करून. अगदी मंद राखाडी उजेड राहतोच. अंधाऱ्या भागात लाल-हिरवे ठिपके चमचमत असतील तर पेशी पेटवणारं ड्राइव्ह व्होल्टेज बिघडलंय. वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ कायम असेल तर नमस्कार करून परत या: काचेला चिकटवलेल्या पट्टीचा सांधा सुटलेला असतो आणि तो घरगुती काय, दुकानातही सहसा जुळत नाही.

सोल्डरगन

वरच्यात भर. उभी रेघ म्हणजे सहसा पॅनेलचाच दोष, आडवा काळा पट्टा मात्र बफर बोर्डाचा (पॅनेलच्या ओळींना जोडलेला छोटा बोर्ड) असू शकतो आणि तो बदलता येतो. पॅनासोनिकमध्ये ड्राइव्ह बोर्ड (पॅनेल चालवणारे) म्हणजे एससी (स्कॅन) आणि एसएस (सस्टेन), एससीला जोडलेले बफर एसयू आणि एसडी. एलजीमध्ये ड्राइव्ह बोर्डांनाच वाय-सस आणि झेड-सस म्हणतात, सॅमसंगमध्ये वाय-मेन आणि एक्स-मेन.

टीव्ही सुरू होऊन लगेच बंद पडत असेल आणि लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर मोजा. पॅनासोनिकच्या बऱ्याच मॉडेलांत ६ किंवा ७ म्हणजे एससीच्या बाजूचा बिघाड, ८ म्हणजे एसएस. आठ हजारांच्या सेटला हे आलं की बोर्ड शोधण्यातच उत्साह संपतो. तसा सेट फुकट मिळाला तरच बघा.

मागचं झाकण स्वतः उघडू नका. सस्टेन व्होल्टेज २०० व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतं. मुंबई-कोकणातल्या सेटला वर्षानुवर्षांची धूळ आणि पावसाळी दमट हवा एकत्र भेटली की या उच्च दाबाच्या बोर्डांवर गळती सुरू होते, म्हणून वर्षातून एकदा जाणकाराकडून ब्लोअर मारून घ्यावा. बोर्ड बदललाच तर पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर छापलेली व्होल्टेजं मीटरने जुळवून घेतली का, हे कारागिराला विचारा. नुसता बोर्ड टाकून दिला की चमचमणारे ठिपके येतात आणि दोष बोर्डावर जातो.

टेम्पोत सेट उभाच न्यायचा, आडवा कधीच नाही. पुढची काच मोठी आणि जड, मधोमध आधार नाही. केसासारखी भेग पडली तरी आत हवा शिरते आणि पॅनेल संपतं. उचलायला दोघे हवेत, हात कडेच्या चौकटीला, काचेला नाही. पावसात आणलात तर दोन-तीन तास तसाच ठेवून मग प्लग लावा. बारीक गुणगुण ऐकू येईल, ती चालते. तडतड आवाज चालत नाही.

युनिट_मोजणारा

मी वेगळं सांगतो: मुख्य खोलीसाठी घेऊ नका.

सरासरी २०० वॅट धरू. रोज ५ तास म्हणजे १ युनिट, महिन्याला ३०. ४३ इंची एलईडी ८० वॅटचा धरला तर १२. फरक १८ युनिटांचा, म्हणजे फार नाही. पण तुमच्याकडे बातम्या दिवसभर आहेत. १२ तास चालला तर प्लाझ्मा ७२ युनिटं आणि एलईडी २९. महावितरणचा स्लॅब १०० आणि ३०० युनिटांना बदलतो, उन्हाळ्यात एसी असला की ही ४३ युनिटं नेमकी महागड्या टप्प्यात पडतात. शिवाय खोली तापते ती वेगळीच.

आणि बर्न-इन. आपल्या बातम्यांच्या वाहिन्यांवर लोगो, घड्याळ, ‘ब्रेकिंग’ची लाल पट्टी आणि खाली दोन-दोन टिकर, अर्धा पडदा कायम स्थिर. प्लाझ्मासाठी याहून वाईट खाद्य नाही. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन चार वाजता थेट काचेवर आलं की चित्र फिकं पडेल ते आणखी. फोरके नाही याचं मात्र दुःख करू नका: ५० इंची फुल एचडीचे ठिपके साधारण साडेसहा फुटांपलीकडे डोळ्याला वेगळे दिसतच नाहीत, तुम्ही ८ फुटांवर आहात.

बैठकीची_खोली

बाबांच्या बातम्यांसाठी आतल्या खोलीत छोटा एलईडी आहे, तिकडे सोय होईल. खिडकीला जाड पडदे लावता येतील. बर्न-इन नसेल तर फक्त रात्री सिनेमा आणि क्रिकेटसाठी घ्यायचा विचार आहे. सेट-टॉप बॉक्स आणि फोरके स्टिक यावर चालेल का? सेटिंग काय ठेवू?

काळ्यावर_काळा

मग घ्या. चेंडूमागे धावणारा कॅमेरा आणि अंधारातले प्रसंग, या दोन्ही गोष्टींत त्या किमतीचा नवा एलईडी याच्या जवळपास येत नाही. फक्त प्लाझ्मांच्या जाहिरातीतलं ‘६०० हर्ट्झ’ वाचून भुलू नका. त्या दर सेकंदाच्या ६०० वेगळ्या चौकटी नसतात. एकेक चौकट दहा-बारा तुकड्यांत पेटवून उजेडाच्या पायऱ्या तयार करतात, त्याचा तो आकडा.

स्टिक चालते, आउटपुट १०८०पीवर (फुल एचडी) ठेवा. टीव्हीला एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला) नाही, त्यामुळे साधं चित्र येईल, तेच हवं. क्रिकेटचं प्रक्षेपण आपल्याकडे ५० हर्ट्झचं असतं. स्टिक ६०वरच अडकली तर मैदानावरून सरकणारा कॅमेरा हिसके देतो. मूळ चौकट-दर जुळवण्याचा पर्याय चालू करा. सेट-टॉप बॉक्स १०८०आयवर ठेवला तरी हरकत नाही. उजळ प्रसंगात ५० हर्ट्झची किंचित लुकलुक काहींना जाणवते, ती प्लाझ्माची रीतच आहे.

टीव्हीत सिनेमा मोड, रंग उबदार, ‘डायनॅमिक’ कायम बंद. पिक्सेल ऑर्बिटर (चित्र अधूनमधून किंचित सरकवणारी सोय) चालू. १६:९ ओव्हरस्कॅन बंद केला नाहीत तर कडेचं चित्र कापलं जातं आणि उरलेलं ताणून मऊ पडतं. पहिले काही आठवडे कॉन्ट्रास्ट मध्यमच ठेवा; जुन्या मालकाच्या हलक्या छाया असतील तर पडदाभर हलत्या चित्राने थोड्या सपाट होतात. सामन्याच्या मध्यंतरात धावफलक थिजवून जेवायला उठू नका, बंद करा.

साउंडबार असेल तर बॉक्स आणि स्टिकचा आवाज टीव्हीतून फिरवू नका. एचडीएमआयने आत आलेला ५.१ (सहा चॅनेलांचा) आवाज बऱ्याच जुन्या सेटच्या ऑप्टिकल सॉकेटमधून दोनच चॅनेल होऊन बाहेर पडतो. साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल तर स्टिक आधी तिथे लावा, नसेल तर निदान बॉक्सची ऑप्टिकल केबल थेट बारला जोडा.

सोल्डरगन

आणि काच पुसायला काच-क्लीनर नको. त्यातल्या अमोनियाने वरची चमकरोधक फिल्म जाते, ती पुन्हा बसवता येत नाही. कोरडं मायक्रोफायबर कापड, सेट थंड असताना.