रेंज फुल, तरी कॉल तुटतो: बी विंगच्या बूस्टरवर ग्रुपमधली चर्चा

बी-१००४: गच्चीवरच्या बूस्टरबद्दल, म्हणजे मोबाइलची रेंज वाढवायला बसवलेल्या मशीनबद्दल. नवव्यापासून अकराव्यापर्यंत सगळ्यांच्या फोनवर रेंज फुल दिसते. कॉल लागतो, पण थोड्या वेळाने आपला आवाज पलीकडे जात नाही आणि कॉल तुटतो. मशीनवरचा एक दिवा मधूनच लाल होतो. स्विच बंद करून परत चालू केला की काही वेळ बरं चालतं. जाणकारांनी सांगावं.

सेक्रेटरी: बसवणाऱ्याला फोन केला होता. तो म्हणतो बाहेरची अँटेना अजून दहा फूट वर घ्या.

ए-९०३: काका, वर घेऊ नका. आधी चार गोष्टी सांगा. बाहेरची अँटेना कुठे आहे? आतली कुठे? दोघींत अंतर किती? आणि मशीनच्या लेबलवर बँड (कोणत्या फ्रिक्वेन्सी) आणि गेन (सिग्नल किती वाढवतो, डीबीमध्ये) काय लिहिलाय?

बी-१००४: बाहेरची काड्यांची अँटेना टाकीच्या पाइपला बांधलीय, तोंड हायवेकडे. आतली चपटी, दहाव्या मजल्याच्या लॉबीत, जिन्याच्या दाराला लागून. सरळ अंतर आठ-नऊ मीटर भरेल. लेबलवर ९००/१८००/२१०० आणि ७० डीबी. केबल करंगळीपेक्षा बारीक आहे.

ए-९०३: मग दुखणं तिथेच आहे. गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते ना, तेच इथे होतंय. आतली अँटेना जे फेकते ते जिन्यातून गच्चीवर जातं, बाहेरची अँटेना ते परत पकडते, मशीन ते पुन्हा वाढवतं. याला ऑसिलेशन म्हणतात. लाल दिवा त्याचाच.

हिशोब बघा. ९०० मेगाहर्ट्झला ८ मीटर मोकळ्या हवेत सिग्नल साधारण ५० डीबीने घटतो. मध्ये स्लॅब असेल तर आणखी १५-२० धरा. झाले ६५-७०. मशीनचा गेन ७०. दोन अँटेनांमधली ही घट गेनपेक्षा निदान १५ डीबीने जास्त हवी, म्हणजे ८५. आणि आपल्याकडे जिन्याचं दार उघडं असलं की स्लॅबचा उपयोगही निघून जातो. म्हणून कधी चालतं, कधी नाही. दार कुणी उघडं ठेवलंय यावर ते अवलंबून आहे.

बी-१००४: बरोबर! दुपारी सफाईवाले दार उघडं ठेवतात, तेव्हाच जास्त त्रास होतो.

सी-३०१: पण रेंज तर फुल दिसते. मग कॉल का तुटावा?

ए-९०३: फोनवरच्या दांड्या फक्त आवाज किती मोठा आहे ते सांगतात, स्वच्छ किती आहे ते नाही. दोन आकडे बघायचे असतात. आरएसआरपी म्हणजे जोर: उणे ८० उत्तम, उणे १०० कामापुरता, उणे ११५ च्या खाली कॉल टिकणं कठीण. एसआयएनआर म्हणजे स्वच्छता: १० च्या वर छान, शून्याखाली गेला की शब्द तुटायला लागतात. बूस्टर टॉवरचा सिग्नल वाढवतो तसा कचराही वाढवतो, वर स्वतःचा घालतो. त्यात गच्चीवरून चार-पाच टॉवर एकदम दिसतात. खालच्या मजल्यावर फोन एका टॉवरला धरून बसतो. इथे सगळ्यांचंच एकदम जोरात ऐकू येतं, म्हणून तो या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो.

ए-९०३: आज संध्याकाळी ७ ला एक चाचणी करू. सहा जण हवेत, तिघे बी विंगचे, तिघे ए विंगचे. बूस्टर चालू असताना एकाच जागी उभं राहून दोन्ही आकडे लिहा आणि दोन-दोन मिनिटांचे तीन कॉल करा. मग बूस्टर बंद करून दहा मिनिटं थांबा आणि तेच परत. वायफाय बंद ठेवा. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* चाललं तर ठीक, नाहीतर सेटिंगमध्ये अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस. तिथे फक्त जोर कळतो, स्वच्छतेसाठी नेटवर्क सेल इन्फोसारखं एखादं अॅप घ्या.

ए-२०२: ए विंग कशाला ताई? आमच्याकडे बूस्टर नाहीच.

ए-९०३: तुमच्याकडे गेल्या दोन महिन्यांत कॉल तुटणं वाढलंय का?

ए-२०२: हो, पण आम्हाला वाटलं कंपनीचं काहीतरी असेल.

*(रात्री)*

सेक्रेटरी: निकाल टाकतो. बी-१००४, हॉल: बूस्टर चालू असताना जोर उणे ७४, स्वच्छता उणे १, तीनपैकी दोन कॉल तुटले. बंद असताना जोर उणे १०६, स्वच्छता ८, एकही तुटला नाही. बी विंगच्या बाकी दोघांचंही असंच. ए विंगमध्ये दोन्ही वेळा आकडे तेच, पण चालू असताना नऊपैकी चार कॉल तुटले, बंद असताना शून्य.

बी-७०१: म्हणजे मशीनविना एकच दांडी, पण कॉल टिकतो!

ए-९०३: हो. आणि ए विंगचा निकाल नीट समजून घ्या, कारण खरं नुकसान तिथे आहे. बूस्टर दोन्ही दिशांना बोलतो. टॉवरकडून फोनकडे येणारं तुम्हाला आकड्यात दिसतं. फोनकडून टॉवरकडे जाणारं दिसत नाही. त्या बाजूने आपलं मशीन सतत गोंगाट फेकतंय, कुणी बोलत असो वा नसो. टॉवरचे कान त्याने भरतात. मग परिसरातला प्रत्येक फोन ओरडून बोलायला लागतो. ४जीवर फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॅट, ती संपली की टॉवरला त्याचं ऐकूच येत नाही. म्हणून आधी आपला आवाज जाणं बंद होतं, मग कॉल जातो. फोन गरम होणं, बॅटरी लवकर उतरणं, ही त्याचीच लक्षणं. समोरच्या सोसायटीलाही हेच भोगावं लागत असणार.

बी-१००४: गेन कमी केला तर? मशीनला बारीक स्विच आहेत. किंवा आतली अँटेना सातव्यावर नेली तर?

ए-९०३: शिट्टी थांबेल काका, तंत्र म्हणून बरोबर आहे. पण हे मशीन आपण ठेवूच शकत नाही. मोबाइलच्या फ्रिक्वेन्सी कंपन्यांनी परवान्याने घेतलेल्या आहेत, रिपीटर, म्हणजे असा बूस्टर, फक्त त्याच बसवू शकतात. विनापरवाना रेडिओ यंत्र बाळगणं १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीशिवाय चालत नाही. ऑनलाइन मिळतं म्हणून कायदेशीर होत नाही. दूरसंचार विभागाची मॉनिटरिंग गाडी अँटेना घेऊन गोंगाटाचा उगम शोधत येते आणि थेट इमारतीपर्यंत पोचते.

सी-३०१: माझा भाऊ न्यू जर्सीत आहे. तिथे घरोघरी बूस्टर असतात, सर्टिफाइड. तो येताना आणेल म्हणतो.

ए-९०३: दादा, त्याला नको म्हणून सांगा. तिथे नियम वेगळे आहेत. २०१४ पासून विकल्या जाणाऱ्या बूस्टरना गेनची मर्यादा आहे, शिट्टी सुरू झाली की मशीनने आपोआप गप्प व्हायचं असतं आणि कंपनीकडे नोंदणी करावी लागते. ते सर्टिफिकेट इथे लागू नाही. त्याहून वाईट म्हणजे बँड. अमेरिकेत १९३० ते १९९० मेगाहर्ट्झ ही टॉवरकडून फोनकडे येणारी दिशा आहे. आपल्याकडे २१०० बँडमध्ये १९२० ते १९८० ही फोनकडून टॉवरकडे जाणारी. म्हणजे ते मशीन इथे उलट्या दिशेने वाढवत बसेल. आपल्या २३०० बँडचा तर त्यात पत्ताच नसतो.

बी-७०१: आपल्या मशीनमध्ये तरी २३०० कुठे आहे? आणि ८५० पण नाही.

ए-९०३: नाहीच. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर आहे. भिंतीतून आत पोचणारा त्यातला ८५०, नेमका तोच यात नाही.

सेक्रेटरी: ठीक आहे, बूस्टर काढू. पण मग करायचं काय? बी विंगच्या आतल्या खोल्यांत पूर्वी कॉल लागतच नव्हता, म्हणून तर बसवलं.

ए-९०३: आपली इमारत मायवान शटरिंगची आहे, विटेची एकही भिंत नाही, सगळं सळईचं काँक्रीट. आतल्या खोलीत पोचायला सिग्नलला दोन-तीन भिंती ओलांडाव्या लागतात. यावर आजच्या आज चालणारा उपाय वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून नेहमीचा कॉल. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं, वेगळे पैसे नाहीत.

आयफोन: सेटिंग, मोबाइल सर्व्हिस किंवा सेल्युलर, वायफाय कॉलिंग चालू. अँड्रॉइड: सेटिंग, नेटवर्क, सिम, वायफाय कॉलिंग. दोन सिम असतील तर दोन्हींवर वेगवेगळं चालू करावं लागतं, इथे बरेच जण चुकतात. व्होल्टी (४जीवरून कॉल) आधी चालू हवं. अँड्रॉइडवर पसंती विचारली तर वायफाय निवडा, नाहीतर फोन मरतुकड्या उणे ११५ लाच चिकटून राहतो. तपासायचं असं: एअरप्लेन मोड लावा, त्यावर फक्त वायफाय चालू करा, कॉल करा. लागला तर काम झालं.

बी-५०२: मी हे आधीच केलंय. लागतो, पण बेडरूममध्ये गेलं की तुटतो.

ए-९०३: तुमचा राउटर कुठे आहे?

बी-५०२: दाराजवळच्या पत्र्याच्या बॉक्समध्ये. फायबरवाल्यांनी तिथेच दिला.

ए-९०३: तो बाहेर काढा. पत्र्याच्या डब्यात ठेवल्यावर वायफाय कसं पसरणार! हॉलच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला लावा. बोलण्यासाठी बेडरूममध्ये वायफाय उणे ६७ किंवा त्याहून चांगलं हवं. ५ गीगाहर्ट्झचं वायफाय मायवानची एक भिंत जेमतेम ओलांडतं, दोन नाही. म्हणून बेडरूममध्ये दुसरा राउटर लागेल, तोही लॅन केबलने जोडलेला. टीव्ही पॉइंटच्या कंड्युइटमधून (भिंतीतल्या वायरच्या पाइपमधून) केबल जाते. नुसता वायफाय एक्स्टेंडर घेऊ नका, हॉलमधला अशक्त सिग्नल उचलून तोच तो पुढे देतो. दोन्हींचं नाव आणि पासवर्ड सारखा ठेवा.

बी-७०१: माझ्याकडे उलट. वायफाय जोरात, पण वायफाय कॉलिंगची खूणच येत नाही.

बी-७०१: दुसऱ्याच्या वायफायवर येते, म्हणजे फोन ठीक आहे.

ए-९०३: मग राउटर अडवतोय. वायफाय कॉल फोनपासून कंपनीपर्यंत आयपीसेकच्या (माहिती कुलूपबंद करून पाठवण्याच्या पद्धतीच्या) बोगद्यातून जातो, त्याला यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट लागतात. राउटरमध्ये आयपीसेक पासथ्रू चालू आहे का बघा. फोनवर व्हीपीएन असेल तर बंद करा. पीपीपीओई लाइन (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारी) असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४९२ वर आहे का तेही बघा. १५०० ठेवला तर मोठे पॅकेट तुकडे होऊन जातात आणि काही राउटर तुकडे टाकून देतात.

बी-७०१: एमटीयू १५०० होता. १४९२ केला, फोन रीस्टार्ट केला. खूण आली.

बी-१००४: लाइट गेली की?

ए-९०३: ओएनटी (फायबरची तार येते तो डबा) आणि राउटर दोन्हीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. अॅडॉप्टरवर किती अँपियर लिहिलेत ते बघूनच घ्या, एक लिहिलेल्याला एक, दोनला दोन. लिफ्टमध्ये मात्र वायफाय कॉल तुटणारच, कारण लॉबीत पकडायला ४जी हवं आणि तिथे ते नाही. लिफ्टचा तारेवरचा इंटरकॉम चालू आहे ना, हे सेक्रेटरींनी आजच तपासावं. अडकलेला माणूस मोबाइलवर अवलंबून राहू नये.

ए-२०२: ओटीपीचं काय? बँकेचे मेसेज उशिरा येतात.

ए-९०३: वायफाय कॉलिंग लागलं की बहुतेक फोनवर एसएमएसही त्याच वाटेने येतात.

सेक्रेटरी: आणि कायमचा उपाय?

ए-९०३: कंपनीने स्वतः बसवलेली इन-बिल्डिंग यंत्रणा. मीटर रूमजवळ एक छोटी जागा, वीज, डक्टमधून जाड केबल आणि प्रत्येक मजल्याच्या छताला बशीएवढी अँटेना. एकाच कंपनीची लावून घेऊ नका, सगळ्यांना सामावणारी मागा. त्यासाठी आधी तक्रारींचा ढीग हवा, आणि तक्रार मोबाइल नंबरवर नोंदली जाते, सोसायटीच्या नावावर नाही. म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या मोबाइलवरून १९८ लावून डॉकेट (तक्रारीचा) नंबर घ्यायचा. मुदतीत काही झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०२४ च्या नियमांत कॉल तुटण्याची मर्यादा २ टक्के आहे, पत्रात ते लिहा.

सी-३०१: अँटेना प्रत्येक मजल्यावर म्हटल्यावर रेडिएशनवरून सभेत वाद होईल.

ए-९०३: होऊ दे, प्रश्न रास्त आहे, उत्तर द्यायला मी येते. भारतात २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा आहे. छतातली अँटेना कमी ताकदीची असते. आणि अँटेना जवळ असली की कानाला लावलेला फोन हळू बोलतो. अशक्त सिग्नलमध्ये तोच फोन पूर्ण ताकदीने डोक्याशेजारी चालतो, हे लोकांना सांगायला हवं.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ला बूस्टर उतरवतो. काही काळजी?

ए-९०३: आधी प्लग काढा, मग आतली केबल, मग बाहेरची. वीज चालू असताना अँटेना काढू नका. टाकीचा पाइप आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या पट्टीला टेकलाय का तेही बघा, टेकला असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. मशीन पुढे कुणाला विकू नका, देऊ नका.

बी-१००४: मी गच्चीची किल्ली घेऊन येतो.

सेक्रेटरी: १९८ चे डॉकेट नंबर रविवारपर्यंत इथे टाका. फ्लॅट, कंपनी, वेळ, खोली आणि आरएसआरपी, एका ओळीत. ए विंगनेही.

ए-२०२: ए-२०२, स्वयंपाकघर, रात्री ८:४०, उणे ९९. कंपनी आणि डॉकेट उद्या टाकते.