केरिस: जावाची किती, उसनी किती?

रानवारा: केरिस म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटाची ती नागमोडी कट्यार. २००५ साली युनेस्कोने तिला मानवी वारसा म्हणून मान दिला. पण बघा, पात्यावरचा नाग भारतातला, काहींच्या बुडाशी बसलेला सिंह चिनी धाटणीचा, काहींवर अरबी अक्षरं, मादुरा बेटावरच्या मुठींवर युरोपी मुकुट. मग जावाचं स्वतःचं काय उरलं? मला तर सगळी उसनवारी दिसते.

चिमटा: नक्षी सोडा, घडण बघा. पातं बुडाशी एका अंगाला पसरट, दोन्ही बाजू मुद्दाम सारख्या नाहीत. वळणं विषम संख्येत. साधं लोखंड आणि निकेलचं लोखंड एकावर एक ठेवून ठोकायचं, दुमडायचं, परत ठोकायचं. शेवटी लिंबाचा रस आणि सोमल. लोखंड काळं पडतं, निकेलचे थर चांदीसारखे उमटतात. हा पामोर. हा कुणाकडून उसना घेतला, सांगा की.

रानवारा: जावातल्या सुकुह मंदिरातलं १५व्या शतकातलं शिल्प पाहिलंत का? भीम पातं घडवतोय, मधे गणपती नाचतोय, अर्जुन भात्यावर. अख्खी लोहारशाळाच आपल्या देवांची!

चिमटा: अहो, तोच भाता नीट बघा. कातड्याचा नाहीच. दोन उभ्या नळ्या, त्यात दोन दट्टे. ही आग्नेय आशियातली रीत. देव भारतातून आले खरे, पण कामाला लागले ते तिथल्याच भट्टीवर.

खडूस आजोबा: पामोरला एवढं सोवळं नेसवू नका. १८व्या शतकाच्या अखेरीस जावातल्याच प्रंबानानजवळ सापडलेली उल्का तिथल्या सुराकार्ता शहरातल्या राजवाड्यात नेली, तिचं लोखंड पात्यांत गेलं. (आभाळातून पडलेलं परदेशी धरायचं का, ते तुम्ही ठरवा.) पुढे तर निकेल सरळ युरोपातून यायला लागलं.

पण रानवारा, उसनवारी म्हणजे वरून चिकटवणं नव्हे. मुठी बघा. बालीत अजून डोळे वटारलेले राक्षस आहेत. जावात इस्लाम रुजला तशी आकृती विरत गेली. आता नुसता पुढे झुकलेला लाकडी दांडा, आतल्या अंगाला दोन चिमुकले कोरीव चेहरे, तेही ओळखू न येणारे. असली मूठ अरबस्तानात मिळते का?

रानवारा: मुठीचं ठीक. मादुराचे मुकुट मात्र निव्वळ साहेबाची नक्कल.

चिमटा: नक्कल कसली? तिथले राजे डचांना सैन्य पुरवत होते. दरबारात रोज दिसणारा मुकुट कारागिराने हस्तिदंतावर कोरला, वर वेलबुट्टी आपली घातली.