जुना इंजेक्शनवाला ट्रक स्टार्ट व्हायला फार वेळ घेतो, पंप बदलण्याआधी काय काय तपासू?

जुनी_चाकं:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे ९० च्या दशकातला पेट्रोल पिकअप ट्रक आहे, मल्टीपॉइंट इंजेक्शन, पंप टाकीच्या आत, रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर आणि तिथून जास्तीचं पेट्रोल टाकीकडे नेणारी रिटर्न लाइन. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की बराच वेळ नुसता फिरत राहतो, मग एकदोन सिलिंडर पकडल्यासारखे करतात आणि मग हळूहळू चालू होतो. एकदा चालू झाला की काही तक्रार नाही, पिकअप चांगला, मिसिंग नाही. बंद करून लगेच परत चालू केला तर हात लावताच होतो पण गरम इंजिन बंद करून अर्धा तास थांबलो की परत तेच, आणि त्या वेळी चालू झाल्यावर मागून थोडा काळा धूर येतो. प्लग, डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर, फ्युएल फिल्टर, बॅटरी सगळं नवीन टाकून झालंय. इंजिन लाइट लागत नाही. आता सगळे म्हणतायत पंप गेला, पण त्यासाठी टाकी उतरवावी लागते, म्हणून आधी खात्री करायची आहे. कुठून सुरुवात करू?

पाना_दहा_बारा:
पंप राहू दे, आधी किल्लीनेच एक टेस्ट कर. सकाळी इंजिन गार असताना सेल्फ मारायचा नाही, फक्त इग्निशन ऑन कर, टाकीकडून पंपाचा घूं आवाज येईल दोनेक सेकंद आणि थांबेल. ऑफ कर, परत ऑन कर, असं तीनचार वेळा करून मग सेल्फ मार. लगेच पकडला तर इंजेक्टर, स्पार्क, सेन्सर यांनी काम केलंय, फक्त रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरून गेलेलं होतं. काहीच फरक पडला नाही तर मग स्पार्क आणि सेन्सरकडे बघायचं. (काही जुन्या इंजेक्शन गाड्यांत किल्ली ऑन केल्यावर पंप चालतच नाही, सेल्फ फिरतानाच चालतो, तुझ्यात आवाज येतो का ते आधी ऐक नाहीतर टेस्टला काही अर्थ नाही.)

दुसरं म्हणजे पेडल. स्टार्ट करताना अगदी थोडी रेस दिल्यावर पटकन होतो का? तसं असेल तर आयडल एअर व्हॉल्व्ह काजळीनं अडकलाय, हवा कमी मिळतेय. आणि गरम असताना पेडल पूर्ण खाली दाबून धरून सेल्फ मारून बघ. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत तसं केल्यावर ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) इंजेक्टर बंद करतो किंवा पेट्रोल एकदम कमी करतो, त्यामुळे जास्तीचं पेट्रोल बाहेर पडतं. अशा वेळी चालू झाला तर समज की इंजिनमध्ये पेट्रोल कमी नाही, जास्त पडतंय. तू काळा धूर म्हणालास म्हणून मला हेच वाटतंय.

गरम_पाणी:
मी तर आधी कूलंट टेम्परेचर सेन्सर बघेन. लाइट लागत नाही म्हणून सेन्सर बरोबर आहे असं अजिबात नसतं, वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तरच ईसीयूत फॉल्ट कोड येऊन लाइट लागतो, सेन्सर नुसता खोटं तापमान सांगत असेल तर ईसीयू बिचारा त्याच्यावर विश्वास ठेवतो. इंजिन गार असून सेन्सर गरम सांगत असेल तर पेट्रोल कमी पडतं आणि सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, गरम असून गार सांगत असेल तर पेट्रोल जास्त आणि काळा धूर. बहुतेक ठिकाणी हा सेन्सर गरम होईल तसा रेझिस्टन्स कमी होणारा असतो. आकडे कंपनीप्रमाणे फार बदलतात, बऱ्याच गाड्यांत २० अंशाला दोन ते साडेतीन किलोओहम आणि ८० अंशाच्या पुढे दोनतीनशे ओहम दिसतात पण काही कंपन्यांच्या सेन्सरचे आकडे याच्या दहापट असतात, त्यामुळे मॅन्युअलमधला तक्ताच बघा. आणि डॅशबोर्डच्या काट्यासाठी बऱ्याचदा वेगळा सेंडर असतो, काटा बरोबर दाखवतोय म्हणून ईसीयूचा सेन्सर बरोबर असं धरू नका.

जुनी_चाकं:
दोघांनाही धन्यवाद. किल्ली ऑन केल्यावर पंपाचा आवाज येतो. सकाळी तीनचार वेळा ऑन ऑफ करून सेल्फ मारला तर जवळजवळ लगेच पकडला! गरम असताना मात्र या युक्तीनं उलट जास्तच वेळ लागला, तेव्हा पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारला तर झाला, धूर काढत. सेन्सर गार आणि गरम दोन्ही मोजला, मॅन्युअलच्या तक्त्याशी जुळतोय. मग प्रेशर उतरतंय म्हणजे पंपच ना शेवटी?

रेलगेज:
नाही, घाई नको. प्रेशर उतरतंय एवढंच कळलंय, कुठून उतरतंय ते अजून कळलेलं नाही. वाटा चार आहेत. पंपातला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल उलटं जाऊ न देणारा (किंवा टाकीतली पंपाच्या वरची नळी), रेग्युलेटरची सीट, म्हणजे रिटर्नची वाट बंद होते ती जागा, रेग्युलेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, आणि गळणारा इंजेक्टर. यातल्या एकाच वाटेसाठी टाकी उतरवावी लागते म्हणून ती सगळ्यात शेवटी.

रेलवर प्रेशर गेज लाव. इंजिन चालू असताना किती दाखवतं ते बघ, रिटर्नवाल्या अशा सिस्टिममध्ये आयडलला साधारण ३० ते ४० पीएसआय (दाबाचं एकक) असतं, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. बंद कर आणि गेजकडे बघत बस. बंद केल्यावर काही पीएसआय उतरणं आणि पुढे तासातासानं कमी होत जाणं चालतं पण पाच मिनिटांत शून्यावर येत असेल तर गळती आहेच. मग परत प्रेशर भर, पंप थांबला की लगेच रिटर्नची रबरी नळी चिमट्यानं दाब. प्रेशर टिकलं तर रेग्युलेटरची सीट. नाही टिकलं तर परत भर आणि या वेळी पंपाकडून येणारी नळी दाब, टिकलं तर पंपाकडचा दोष. रिटर्न दाबलेली असताना पंप चालवायचा नाही, प्रेशर भलतंच वर जातं आणि नळी सुटू शकते. चिमटा फक्त रबरावर, आणि रबर कडक होऊन भेगा पडलेलं असेल तर दाबूच नकोस, आधी नळी बदल. इंजिन गार असताना कर, आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेव, गेज काढताना चिंधी गुंडाळ.

गरम इंजिनमध्ये हे प्रेशर का महत्त्वाचं ते पण सांगतो. बंद केल्यावर इंजिनची उष्णता रेलमध्ये चढते, प्रेशर असेल तर पेट्रोल द्रवच राहतं, प्रेशर गेलं की रेलमध्येच उकळून वाफ होते आणि मग सेल्फ कितीही मारला तरी इंजेक्टरमधून वाफच जाते. पण तसं असतं तर तुझ्या गाडीला किल्ली ऑन ऑफ करण्यानं गरम असतानाही मदत व्हायला हवी होती, ती झाली नाही, उलट त्रास वाढला. म्हणजे तुझं पेट्रोल टाकीत परत जात नाहीये, इंजिनमध्ये उतरतंय.

लाल_काळी_वायर:
गेज मिळेपर्यंत एक करून ठेवा, सेल्फ फिरत असताना मल्टिमीटर बॅटरीवर धरा. ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि एक इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर धरून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची केबल खराब. बॅटरी नवीन असली तरी केबल जुनीच असते आणि व्होल्टेज पडलं की स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही कमजोर होतात.

अजून एक जुन्या गाड्यांमधली गंमत, तुमच्यात नसेल पण वाचणाऱ्या कुणाच्या तरी कामाला येईल. काही ट्रकमध्ये पंपाला दोन रस्त्यांनी करंट मिळतो, एक रिलेतून आणि दुसरा ऑइल प्रेशर स्विचमधून. रिले मेला तरी सेल्फ मारून मारून ऑइल प्रेशर तयार झालं की स्विच पंप चालू करतो आणि गाडी सुटते. लक्षण हुबेहूब हेच, किल्ली ऑन केल्यावर मात्र पंपाचा आवाज येत नाही.

जुनी_चाकं:
गेज लावला. आयडलला ३८, बंद केल्यावर मिनिटभरात निम्मं आणि थोड्याच वेळात शून्य. रिटर्न दाबली, तरी उतरलं. पंपाकडची दाबली, तरी उतरलं. केबल आणि व्होल्टेज ठीक आहे. म्हणजे आता इंजेक्टर राहिले? सगळा सेट काढायचा?

रेलगेज:
थांब, इंजेक्टरच्या आधी अजून एक वाट राहिली. डायफ्राम फाटला असेल तर पेट्रोल ना पंपाकडे जातं ना रिटर्नला, रेग्युलेटरच्या डोक्यावर जी बारीक व्हॅक्यूम नळी आहे तिच्यातून थेट इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते त्या वाटेत) जातं, म्हणून दोन्हीकडे चिमटा लावून काही कळत नाही आणि लोक इथेच फसून इंजेक्टर बदलतात. गरम असताना किल्ली ऑन ऑफ केलीस की दर वेळी इनटेकमध्ये अजून पेट्रोल ओतलं जात होतं. ती नळी उपस आणि बघ.

जुनी_चाकं:
उपसली. आतून ओली, पेट्रोलचा वास, किल्ली ऑन केल्यावर रेग्युलेटरच्या त्या तोटीतून थेंब पडताना दिसले!!

रेलगेज:
मग हाच. पंपाला हात लावू नकोस, टाकी राहू दे. किल्ली लगेच ऑफ कर आणि आता गाडी चालवूच नकोस. रेग्युलेटर बहुतेक ठिकाणी दोनतीन स्क्रूवर असतो, आधी रेलमधलं प्रेशर काढून टाक, ओ रिंग नवीन घाल आणि बसवताना तिला थोडं स्वच्छ इंजिन ऑइल लाव म्हणजे कापली जाणार नाही. बसवल्यावर इंजिन आयडलला ठेवून ती व्हॅक्यूम नळी काढ आणि तिचं तोंड बोटानं बंद कर, गेजवर आठदहा पीएसआय वाढायला हवेत, नळी परत लावली की खाली यायला हवेत. मग बंद करून परत ती पाच मिनिटांची टेस्ट.

पाना_दहा_बारा:
डिपस्टिकचा वास घे. इतके दिवस पेट्रोल इनटेकमध्ये जात होतं म्हणजे थोडं ऑइलमध्ये उतरलेलं असणार, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग खराब होतात. पातळी वर चढलेली दिसली किंवा वास आला तर रेग्युलेटर बदलल्यावर इंजिन चालू करायच्या आधीच ऑइल आणि ऑइल फिल्टर बदल. ती व्हॅक्यूम नळी पण नवीन घाल, साधं व्हॅक्यूमचं रबर पेट्रोलनं फुगून मऊ पडतं आणि मग आयडलला हवा खेचत बसेल.