मदत हवी आहे: रिसेलरच्या प्लगिनचं उत्तर आलं नाही तर खातं उघडावं की अडवावं?

होस्टिंग रिसेलरांसाठी (दुसऱ्याची सर्व्हरवरची जागा आपल्या नावाने विकणाऱ्यांसाठी) कंट्रोल पॅनेल लिहितोय; त्यातून ग्राहकांची खाती उघडतात. वेबचा भाग साध्या युजरखाली चालतो. रूटची (सर्वाधिकार लागणारी) कामं प्रत्येक सर्व्हरवरचा छोटा एजंट करतो. तो ठरलेल्या १४ आज्ञाच घेतो, शेलची ओळ (मनाला येईल ती कमांड) कधीच नाही. थीम, लोगो, भाषा रिसेलरनिहाय बदलतात, तिथे सगळं सुरळीत.

घोडं अडलंय प्लगिनपाशी, म्हणजे रिसेलर स्वतःचा कोड जोडतो तिथे. खातं उघडण्याआधी आणि उघडल्यावर असे दोन हुक (त्या क्षणी प्लगिनला हाक मारायच्या जागा) दिलेत. सुरुवातीला प्लगिन पॅनेलच्याच प्रोसेसमध्ये चालवलं: एकाचं लूप अडकलं की सगळ्यांची रांग तुंबते, वर त्याला डेटाबेसचा पासवर्डही दिसतो. ते बंद केलं. आता हुक रिसेलरच्या यूआरएलवर जातो: एचमॅकची सही (विनंती आमचीच आहे हे गुप्त किल्लीने पटवणारी), ५ सेकंदांचा टाइमआउट, ३ फेरप्रयत्न. फेरप्रयत्नांमुळे त्यांच्या बिलिंगमध्ये एकच खातं दोनदा नोंदलं जायचं. सगळ्या प्रयत्नांत एकच आयडी ठेवल्यावर ते थांबलं. ‘नंतर’चा हुक उशिरा गेला तरी बिघडत नाही.

‘आधी’च्या हुकला मात्र उत्तर लागतंच, कारण रिसेलर त्यात कोटा किंवा डोमेन नाकारू शकतो. उत्तर न येता खातं उघडलं तर कोटा ओलांडला जातो. अडवलं तर ग्राहकाचे पैसे गेलेले आणि हातात काही नाही.

प्रत्येक प्लगिनला कंटेनर (वेगळी बंदिस्त जागा) देणं शक्य नाही: रिसेलर ४०, पॅनेलच्या मशीनला रॅम २ जीबी.

हा निर्णय हुक नोंदवतानाच रिसेलरवर सोपवावा, की खातं ‘प्रलंबित’ ठेवून पुन्हा विचारावं? आणि प्रलंबित ठेवलं, तर लिनक्स युजर नि डीएनएस झोन (डोमेनच्या नोंदी) तेव्हाच राखून ठेवायचे का?