व्हीएमचे घड्याळ होस्टच्या भरवशावर सोडावे काय?

रात्रपाळी
“होस्टची वेळ बरोबर असली की व्हीएममध्ये एनटीपी चालवणे व्यर्थ आहे,” हे विधान पुन्हा वाचनात आले आणि गप्प बसवेना. (व्हीएम किंवा गेस्ट म्हणजे आभासी संगणक, होस्ट म्हणजे तो ज्यावर चालतो ते खरे यंत्र, आणि एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत.) केव्हीएम या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीवरचा लिनक्स गेस्ट बूट होताना होस्टकडून वेळ घेतो, पण पुढे तो स्वतःच मोजत राहतो. होस्टवरच्या क्रोनीने, म्हणजे एनटीपीने वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने, घड्याळ पुढेमागे केले तरी ती दुरुस्ती गेस्टमध्ये आपोआप उतरत नाही. मागच्या नोकरीत पॉज केलेली एक व्हीएम पुन्हा सुरू झाली तेव्हा ती कित्येक तास मागे होती. लॉगिनची ओळख पडताळणारी कर्बेरॉस प्रणाली सहसा 5 मिनिटांपेक्षा जास्त तफावत खपवून घेत नाही, त्यामुळे कोणाचेच लॉगिन होईना आणि आम्ही रात्रभर पासवर्ड तपासत बसलो.

लोलक
हा किस्सा तुमच्याच विरोधात जातो, कारण गेस्टमध्ये क्रोनी असता तरी तेच झाले असते. बहुतेक ठिकाणी क्रोनीला ‘मेकस्टेप 1.0 3’ दिलेले असते, म्हणजे एका सेकंदाहून जास्त तफावत असेल तर फक्त पहिल्या तीन अपडेटमध्येच एकदम उडी मारायची. पहिल्या तीन अपडेटनंतर तो उडी मारत नाही, घड्याळ हळूहळू सरकवतो, आणि एका तासाची तफावत भरायला त्याला सुमारे 12 तास लागतात. शिवाय व्हीएमवेअरच्या व्हीएममध्ये होस्टची वेळ उतरवणारे व्हीएमवेअर टूल्सचे सिंक आणि एनटीपी यांची ओढाताण मी स्वतः निस्तरली आहे.

रात्रपाळी
मग ‘मेकस्टेप 1 -1’ लिहावे, म्हणजे केव्हाही उडी मारता येईल, आणि टूल्सचे नियतकालिक सिंक बंद करावे. बंद करायचे ते एनटीपी नव्हे!

विदागार
आणि घड्याळ मागे उडाले तर? कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये ज्या लेखनावर मोठा टाइमस्टॅम्प (वेळेचा शिक्का) असतो ते जिंकते, म्हणजे नंतरचे खरे लेखन हरते. पण याहून मोठा छळ ऑडिटचा आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशानुसार एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी घड्याळे जुळवायची आहेत. आमच्या ऑडिटरने मात्र प्रत्येक व्हीएम थेट दिल्लीच्या सर्व्हरला जोडा असा हट्ट धरला.

रात्रपाळी
ऑडिटरचा राग नियमावर काढू नका. त्याच निर्देशानुसार सायबर घटना 6 तासांत कळवायची आणि लॉग 180 दिवस जपायचे, तर दोन व्हीएमच्या नोंदींचा क्रम जुळलाच पाहिजे.

विदागार
नियमाला मी कोठे नावे ठेवली? शेकडो गेस्टसाठी फायरवॉल उघडायला लावणे चूक आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. आतले दोन-तीन एनटीपी सर्व्हर पुरेसे असतात.

लोलक
तेही लागणार नाहीत. गेस्टमध्ये पीटीपी-केव्हीएम हे होस्टचे घड्याळ दाखवणारे लिनक्सचे मॉड्यूल लोड केले की क्रोनी नेटवर्कशिवाय थेट होस्टचे घड्याळ वाचू शकतो. क्रोनी गेस्टमध्ये हवा, एवढे नाइलाजाने मान्य करतो. वेळ मात्र होस्टकडूनच घ्यावी.

विदागार
मग प्रत्येक होस्टचा एनपीएलपर्यंतचा माग कागदावर दाखवण्याची जबाबदारीही तुम्हीच घ्या.